वहिवाट एका उंदराची

विनोदी चित्रपटांविषयी लिहिताना आपल्याकडे शाब्दिक विनोदाला मानाचे पान वाढण्याची आणि घसरगुंडी, धडपड, आपटाआपटी यांवर आधारलेल्या आंगिक विनोदाला ओसरीवर बसवण्याची जी रीत पडून गेली आहे, ती मला कधीच पटलेली नाही. आणि ती का पटत नाही हे सांगण्यासाठी एकच पुरावा दाखल करण्याची मुभा मला मिळाली, तर मी गोर व्हर्बिन्स्की या दिग्दर्शकाचा १९९७ सालचा ‘माऊस हंट’ हा अमेरिकन चित्रपट पुढे करीन. दोन भाऊ, एक पडका वाडा आणि त्या वाड्यात राहणारा एक उंदीर, एवढ्याच भांडवलावर उभारलेली ही कलाकृती जेव्हा जेव्हा दूरचित्रवाणीवर लागली तेव्हा तेव्हा मी हातातले काम टाकून तिच्यासमोर बसलो आहे, घरातल्या लहानथोरांना ओढून आणून बसवले आहे, आणि दरवेळी माझी अशी खात्री होत गेली आहे की इतक्या काटेकोर बांधणीचा विनोद अलीकडच्या काळात फार थोड्यांना साधला.

कथानक असे. रुडॉल्फ स्मुंट्झ नावाचा, एके काळी वैभव उपभोगलेला सुतळीचा कारखानदार मरण पावतो आणि अर्नी व लार्स या आपल्या दोन मुलांच्या पदरी मोडकळीस आलेला कारखाना आणि त्याहून मोडकळीस आलेला एक वाडा टाकून जातो. लार्सने बापाच्या मृत्युशय्येपाशी कारखाना कधीही न विकण्याचे वचन दिलेले असते. अर्नी मात्र एका नामांकित उपाहारगृहाचा मालक व बल्लवाचार्य असून सुतळीच्या या वडिलार्जित धंद्याचा त्याला मनस्वी तिटकारा आहे. परंतु बापाच्या वस्तूंतून अर्नीने उचललेल्या क्यूबन चिरुटांच्या पेटीतले एक झुरळ शहराच्या महापौरांच्या ताटात पडते, महापौर तेथल्या तेथे प्राण सोडतात आणि उपाहारगृहाला टाळे लागते. तिकडे कारखाना विकत घेऊ पाहणाऱ्या बड्या कंपनीला नकार दिल्याबद्दल लार्सची पत्नी त्याला घराबाहेर काढते. निराश्रित झालेले हे दोघे अखेर त्या वाड्यात मुक्कामाला येतात, आणि तेथे त्यांना दोन शोध लागतात. पहिला असा, की हा वाडा चार्ल्स लाइल लारू या (अर्थात काल्पनिक) थोर वास्तुविशारदाची शेवटची कृती असून दुरुस्त करून लिलावात काढल्यास तो अगणित धन मिळवून देईल. दुसरा असा, की वाड्यात एक उंदीर आहे.

माझ्या मते हा संपूर्ण चित्रपट म्हणजे दस्तऐवज आणि वहिवाट यांच्यातला एक दिवाणी दावा आहे. भावांच्या हाती वारसाहक्क आहे, कागदपत्रे आहेत, आणि त्याच कागदपत्रांतून उघडकीस आलेला तारणाचा बोजाही आहे. उंदराच्या हाती कागद नाही. पण वाड्यातली प्रत्येक भिंत, प्रत्येक फट, प्रत्येक तुळई त्याच्या पायाखालची आहे, आणि नांदत्या घराचे सुख त्या वास्तूत भोगणारा तोच एकटा आहे. बारकाईने पाहिले तर ध्यानात येईल की तो आपण होऊन बहुधा कोणावर चाल करून जात नाही. आपले अन्न नेतो, आपले बीळ राखतो आणि पळून जाताना अशा ठिकाणाहून पळतो की पाठलाग करणाऱ्याने स्वतःच्याच मिळकतीचा विध्वंस करावा. बिळात नळी घालून त्याला शोषून काढू पाहणारे भाऊ सांडपाण्याची वाहिनीच घरात ओढून घेतात. धुराड्यात डोके खुपसून आगकाडी पेटवणारा अर्नी साठलेल्या वायूच्या भडक्याने तोफगोळ्यासारखा वर उडतो आणि तळ्यात जाऊन पडतो. लिलावासाठी उजळायला घेतलेला वाडा लिलावाच्या तयारीपायीच खिळखिळा होत जातो, आणि यातला एकही घाव उंदराने घातलेला नसतो.

रिवाज म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगून टाकतो. स्टीव्हन स्पीलबर्ग, जेफ्री कॅट्झेनबर्ग आणि डेव्हिड गेफेन यांनी १९९४ साली काढलेल्या ड्रीमवर्क्स या संस्थेच्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी हा एक. पटकथा अ‍ॅडम रिफ्किन यांची, संगीत अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्री यांचे. खर्च सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर, जगभरातले उत्पन्न १२ कोटींच्या वर. समीक्षकांचे अभिप्राय मात्र संमिश्र. अमेरिकेत तो प्रदर्शित झाला १९ डिसेंबर १९९७ रोजी, म्हणजे नेमका ज्या दिवशी ‘टायटॅनिक’ झळकला त्याच दिवशी, आणि दोन्ही चित्रपटांचा शेवट पाण्याने व्हावा हा योगायोग मला फार मौजेचा वाटतो.

आता माझ्या खऱ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे चापाकडे वळतो. उंदीर धरण्याची साधने हा माझा जुना छंद आहे आणि त्यापायी मी पुण्याच्या बोहरी आळीतल्या लोखंडी सामानाच्या दुकानांतून पुष्कळ हिंडलो आहे. तेथे आजही दोन घराण्यांची साधने शेजारीशेजारी टांगलेली दिसतात. एक आपला तारेचा पिंजरा : आत आकड्याला आमिष अडकवावयाचे, आकड्याचे दुसरे टोक वर काढून ताणलेल्या दाराच्या कांडीला गुंतवावयाचे, आणि उंदराने आमिष ओढले की कांडी सुटून दार खट्कन पडते. या पिंजऱ्यात उंदीर जिवंत सापडतो, आणि सकाळी तो पिंजरा हातात घेऊन घरातल्या कर्त्या पुरुषाने ओढ्यापलीकडे जाऊन त्याला मोकळे सोडून यावे, ही अनेक घरांतली परंपरा मी स्वतः पाळलेली आहे. दुसरे घराणे लाकडी फळीवरच्या चापाचे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात राहणाऱ्या विल्यम हूकर याने १८९४ साली त्याचे पेटंट घेतले. पाठोपाठ, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडात लीड्स येथील जेम्स हेन्री अ‍ॅटकिन्सन याने ‘लिटल निपर’ हा आपला चाप बाजारात आणला, आणि हे नाव आजही तेथे टिकून आहे. फळी, कमानीची पीळदार तार, ती मागे ओढून धरणारी आडवी काडी आणि आमिषाची पत्र्याची जीभ, एवढ्या चार अवयवांचे हे यंत्र शतकाहून अधिक काळ जवळजवळ जसेच्या तसे राहिले आहे. कारण त्यात काढून टाकण्याजोगे काही नाही आणि भर घालण्याजोगेही काही नाही. दुकानदाराने एकदा मला चाप बसवून त्याच्या जिभेवर गवताची काडी टेकवून दाखवली. तार आली केव्हा आणि काडी तुटली केव्हा हे डोळ्यांना उमगलेच नाही, कानांना फक्त आवाज ऐकू आला.

आमिषाविषयीही दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. पाश्चात्त्य व्यंगचित्रांनी उंदीर आणि चीज यांचे अद्वैत जगाच्या मनावर ठसवले असले, तरी प्रत्यक्षात घरातला उंदीर धान्य, गोड पदार्थ आणि तेलबिया यांना अधिक पसंती देतो, असेच निरीक्षण आहे. आपल्या आजीबाईंना हे पुस्तकांवाचून ठाऊक होते. घाटावरच्या घरांत पिंजऱ्याला भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा तेल लावलेली भाकरी लागे, कोकणात सुक्या बोंबलाचे शेपूट. आणि खोबरे आधी विस्तवावर किंचित करपवले पाहिजे, कारण वासाचा पल्ला त्याने वाढतो, ही माझ्या आत्याची शिकवण मी आजवर खोटी ठरलेली पाहिलेली नाही.

या सर्व ज्ञानासह ‘माऊस हंट’मधला चापांचा प्रवेश पाहावा, म्हणजे त्याची थोरवी कळते. एक चाप फसला म्हणून दोघे भाऊ स्वयंपाकघराची संपूर्ण जमीन चापांनी भरून काढतात, इतकी की पाऊल टेकावयास तसूभर जागा उरत नाही. आणि शेवटचा चाप लावून झाल्यावर त्यांच्या ध्यानात येते की आपण भिंतीला पाठ लावून उभे आहोत आणि बाहेर जाण्याची वाट आपणच बंद केली आहे. येथे दिग्दर्शक घाई करीत नाही. तो आपल्याला ती सगळी जमीन दाखवतो, ताणलेली प्रत्येक तार दाखवतो, आणि प्रेक्षागृहातले शेंबडे पोरही पुढे काय होणार हे ओळखून चुकले तरी थांबून राहतो. मग उंदीर वर कोठेतरी प्रकट होतो आणि एक बारकेसे फळ खाली ढकलतो. पहिला चाप वाजतो, तो उडून दुसऱ्यावर पडतो, दुसरा तिसऱ्यावर, आणि काही क्षणांत ती संपूर्ण जमीन उसळून भावांच्या अंगावर येते. शारीरिक विनोदाचे सारे शास्त्र या प्रवेशात आहे : स्थळ प्रेक्षकाला आधी तोंडपाठ करून द्यावे, संकट त्याला पात्रांच्या आधी दिसू द्यावे, आणि मग अपेक्षित तेच अपेक्षेपेक्षा अधिक पूर्णत्वाने घडवून आणावे.

हे शास्त्र व्हर्बिन्स्कीने कोठून घेतले हे लपलेले नाही. बस्टर कीटनने १९२० सालच्या ‘वन वीक’मध्ये नवपरिणीत जोडप्याला सुट्या भागांचे घर बांधावयास लावून त्या घराची जी दैना केली, आणि १९२८ सालच्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर कोसळत असताना तिच्या खिडकीच्या रिकाम्या चौकटीत तो जसा निश्चल उभा राहिला, तेथून घर हेच प्रमुख पात्र असलेल्या विनोदाची परंपरा सुरू होते. लॉरेल आणि हार्डी यांनी १९३२ सालच्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका लांबलचक जिन्यावरून पियानो वर चढवण्याचा जो प्रचंड उद्योग मांडला, आणि ज्याला लघुविनोदपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, ती याच परंपरेतली पुढची पायरी. मला विशेष लक्षणीय वाटते ती पात्रयोजना. लॉरेल सडपातळ व इंग्रज, हार्डी स्थूल व अमेरिकन. येथेही लार्सचे काम करणारा ली इव्हान्स सडपातळ व इंग्रज, आणि अर्नीचे काम करणारा नेथन लेन अंगाने भरलेला व अमेरिकन. इव्हान्सचे शरीर जणू अस्थिहीन आहे. लेनचा चेहरा अपमान गिळताना जो रंग बदलतो तो पाहण्यासाठी मी काही प्रवेश मुद्दाम पुन्हा पाहतो. हा लेन म्हणजे ‘द लायन किंग’मधल्या टिमॉनचा आवाज, आणि मांजरांच्या कोंडवाड्यावरच्या माणसाची छोटी भूमिका केली आहे ती अर्नी साबेला याने, म्हणजे त्याच चित्रपटातल्या पुम्बाच्या आवाजाने.

त्या कोंडवाड्यातून आणलेले मांजर, कॅटझिला, हे अक्राळविक्राळ जनावर भावांचे पहिले भाडोत्री सैन्य. उंदीर त्याला जेवणाची ताटे वर-खाली नेणाऱ्या लाकडी पाळण्याच्या विवरात नेऊन त्याचा निकाल लावतो. दुसरे सैन्य म्हणजे सीझर नावाचा उंदीरमाऱ्या, आणि त्या भूमिकेत ‘द डिअर हंटर’साठी ऑस्कर मिळवलेला क्रिस्टोफर वॉकेन. हा सीझर उंदराची लेंडी चाखून त्याच्या प्रकृतीचे निदान करतो, आणि वॉकेन ते अशा गांभीर्याने करतो की एखाद्या वैद्याच्या नाडीपरीक्षेचा आदर आपल्या मनात उत्पन्न व्हावा. विनोदी पात्राने आपण विनोदी आहोत हे स्वतःला कळू देऊ नये, हा नियम याहून चांगला कोणी पाळलेला मी पाहिला नाही.

आणि नायक? पडद्यावरचा उंदीर एकजीव दिसत असला तरी तो अनेकांच्या हातून घडला आहे. बून नार या प्राणिशिक्षकाच्या चमूने पन्नासांहून अधिक खरे उंदीर तयार केले होते; जेथे खऱ्या उंदराला नेणे शक्य नव्हते तेथे, ‘ज्युरासिक पार्क’चे डायनोसॉर ज्याने घडवले त्या स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेतला यांत्रिक उंदीर आला; आणि जेथे तोही अपुरा पडला तेथे ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेने संगणकावर उंदीर रेखाटला. या संस्थेविषयी मला विशेष आपुलकी वाटण्याचे कारण असे, की पुढे तिने आपली शाखा मुंबईत काढली, आपल्याकडची कितीतरी तरुण मुले तेथे ही कला शिकली, ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवण्याच्या कामात या शाखेचा वाटा होता, आणि २०१३ साली त्या वाघासाठी ऑस्कर मिळाले त्याच महिन्यात मूळ संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. इतक्या गुणी कारागिरांच्या वाट्याला हे यावे याचा विषाद मला आजही वाटतो. तथापि उंदराकडे परत येऊ. या तिन्ही उंदरांना दिग्दर्शकाने एक गोष्ट करू दिली नाही, ती म्हणजे बोलणे. तो बोलत नाही, गात नाही, अंगात कोट घालत नाही. वीसेक ग्रॅम वजनाचा, बोटभर फटीतून आरपार जाणारा उंदीरच तो शेवटपर्यंत राहतो. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी १९४० साली सुरू केलेल्या ‘टॉम अँड जेरी’तल्या जेरीपेक्षा मला तो श्रेष्ठ वाटतो तो यामुळेच.

आपल्या मुलखात उंदराकडे हसून पाहणे सोपे नव्हते, याचीही आठवण ठेवली पाहिजे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी प्लेगचे निदान केले, १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ याने उंदरांवरच्या पिसवांचा त्या रोगाशी असलेला संबंध प्रयोगाने दाखवला, आणि घरात उंदीर पडला की घर सोडून रानात झोपड्या बांधून राहण्याची वेळ लोकांवर आली, तो काळ आपल्या पणजोबांनी पाहिला. परंतु त्याच समाजाने उंदराला गजाननाच्या पायाशी मोदकासह बसवले आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाचा वर्ण शुभ्र आणि देवता प्रमथ सांगितली आहे. प्रमथ म्हणजे शिवाचे गण, त्या गणांचा अधिपती गणपती, आणि त्या गणपतीचे वाहन मूषक. या नात्याने हास्यरसाच्या दरबारात उंदराचे आसन फार जुने आहे, असे मी मानतो. स्मितापासून अतिहसितापर्यंत भरतांनी हास्याचे जे सहा प्रकार लावून दिले, त्यांतले शेवटचे दोन अधमांचे म्हणून मागे सारले. चापांचा प्रवेश पाहताना मात्र आमच्या घरातल्या अत्यंत उत्तम प्रकृतीच्या वडीलधाऱ्यांचीही मजल थेट त्यांपर्यंत गेलेली मी पाहिली आहे.

या चित्रपटाचा आरंभ प्रेतयात्रेने होतो, हेही ध्यानात घेण्याजोगे. शवपेटी उचलून नेता नेता दोन भाऊ भांडतात, पेटीचे कडे हातात निसटून येते, पेटी पायऱ्यांवरून घसरत जाते आणि बापाचा देह उडून रस्त्यावरच्या गटाराच्या उघड्या तोंडातून खाली नाहीसा होतो. बापाचे काम केलेले विल्यम हिकी हे ‘प्रिझीज ऑनर’साठी ऑस्करचे नामांकन लाभलेले आणि न्यूयॉर्कमध्ये अनेक नटांना शिकवलेले वृद्ध अभिनेते चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी, जून १९९७ मध्ये, खरोखरच निवर्तले, आणि चित्रपट त्यांच्याच स्मृतीस अर्पण केला आहे. मृत्यूला इतक्या जवळून हसणाऱ्या कृतीत हत्या मात्र साधत नाही. भांडणाच्या भरात लार्सने अर्नीच्या दिशेने फेकलेले संत्रे नेम चुकून उंदराला लागते, तो बेशुद्ध पडतो, इतके दिवस ज्याचा जीव घ्यावयाचा तो तळहातावर निपचित आहे, आणि दोघांपैकी एकाचाही हात उठत नाही. अखेर ते त्याला पेटीत घालून टपालाने रवाना करतात, आणि तेही फिडेल कास्ट्रो यांच्या नावे क्यूबात, जेथल्या मालावर अमेरिकेने १९६२ पासून बंदी घातली आहे! चिरुटांच्या पेटीतून आलेल्या संकटाची ही परतफेड पटकथेत किती बेमालूम बसवली आहे. टपालहशील कमी पडल्यामुळे पेटी परत येते, हे सांगावयास नकोच.

उंदीर न मारता येण्याच्या याच पेचावर २०१९ साली नेल्सन वेंकटेशन यांनी ‘मॉन्स्टर’ हा तमिळ चित्रपट रचला. त्यात एस. जे. सूर्या यांनी रंगवलेला नायक तमिळ संत वल्ललार यांच्या अहिंसेचा कट्टर अनुयायी आहे, आणि नव्या घरात शिरलेल्या उंदराने त्याच्या तत्त्वनिष्ठेची कसोटी पाहावी, ही कल्पना मला फार अस्सल वाटली. अमेरिकन भावांचा हात ऐन वेळी थांबतो. या माणसाचा हात जन्मापासूनच बांधलेला आहे. हिंदी-मराठी निर्मात्यांना हा विषय अद्याप सुचू नये याचे मला नवल वाटते; वाडे आपल्याकडे आहेत, वाटणीचे तंटे आहेत आणि उंदरांना तर तोटाच नाही.

लिलावाच्या दिवशी मातबर मंडळी जमतात, बोली चढत जाते, आणि त्याच वेळी परत आलेल्या उंदराला बिळातून हुसकण्यासाठी भाऊ भिंतीत पाण्याची नळी सोडतात. भिंती फुगतात, कागद सुटतो, सारा वाडा पाण्याने भरतो आणि फुटतो. पाहुणे लोंढ्याबरोबर बाहेर फेकले जातात आणि लारूची शेवटची कृती दोघांच्या देखत जमीनदोस्त होते. आता कोणाकडेच काही उरले नाही, दस्तऐवज नाही आणि वहिवाटही नाही. भाऊ उरल्यासुरल्या चीजच्या तुकड्यासह बापाच्या बंद कारखान्यात झोपावयास जातात, आणि त्यांच्यापाठोपाठ उंदीरही तेथे दाखल होतो. रात्री तो यंत्र चालू करून त्यात चीज टाकतो, आणि सुतळी वळणारे यंत्र चीजच्या तंतूंचा गुंडा वळू लागते. अशा तंतुमय चीजचा धंदा अमेरिकेत खरोखरच भरभराटीला आलेला होता. विस्कॉन्सिनमधल्या फ्रँक बेकर यांनी १९७६ साली मोझरेल्लाच्या लगद्याला ओढ देऊन त्याच्या कांड्या काढण्यास सुरुवात केली, त्याला या चित्रपटाच्या वेळी दोन दशके उलटून गेली होती. कारखाना पुन्हा सुरू होतो, बापाला दिलेले वचन अबाधित राहते, अर्नीच्या पाककलेला सुतळीच्या धंद्यात जागा मिळते, आणि मालाची चव पाहण्याच्या कामावर उंदराची रीतसर नेमणूक होते.